गंजीआड गेलेला सिग्नल

दिग्रसच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत दुकान होतं आणि मागच्या खोलीत संसार. मध्ये गोणपाटाचा एक पडदा. पडद्याच्या पुढे अब्बा रेडिओ, टेपरेकॉर्डर, शेतावरच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचे. मागे अम्मीची चूल, आमची अंथरुणं आणि पाण्याचे दोन रांजण. फोडणीचा वास आणि वितळलेल्या कथलाचा वास त्या घरात असा एक झाला होता, की पुढे सासरी आल्यावर कित्येक दिवस मला कुठलीच भाजी पूर्ण शिजल्यासारखी वाटेना. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग अब्बा रेडिओ लावायचे. एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जाताना तो जी शीळ घालतो, ती ऐकत आम्ही दोघं बहीण-भाऊ शाळेची तयारी करायचो. सलीम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दिसायला देखणा, बोलायला गोड. बाजारातून येताना माझ्यासाठी न विसरता चिंचेच्या गोळ्या आणणारा. पण हातात पेचकस दिला की याचे डोळे रस्त्यावर.

अब्बांच्या डोळ्यांत साखर उतरली, तेव्हा मी नववीत होते. बारीक तारेचं टोक त्यांना दिसेनासं झालं. एक दिवस त्यांनी उघडा रेडिओ पडद्याखालून आत सरकवला आणि कुठली तार कुठे लावायची ते हळू आवाजात सांगितलं. मी लावली. पुढे सांगायचीही गरज उरली नाही. गिऱ्हाईक समोर बाकावर चहा पीत बसलेलं असायचं, अब्बा उगीच एखादं झाकण उघडझाक करायचे, आणि काम पडद्यामागे माझ्या मांडीवर व्हायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, या वयातबी तुमचा हात काय साफ हाय!" अब्बा हसायचे. मलाही तेव्हा हसू यायचं. पडद्यामागे राहून काम करण्यात एक मजा होती, लपंडावासारखी. ती मजा कधी आणि कशी संपली, हे लिहायला मी आज बसले आहे.

त्या वर्षांत कापसाने सगळ्या मुलखाचं नाक दाबलं होतं. आमच्याकडे शेत नव्हतं, पण दिग्रसमध्ये ज्याच्याकडे शेत नाही त्याचंही पोट कापसावरच. दिवाळीनंतर दोन पैसे हाती आलेली माणसं पूर्वी पोराबाळांसह दुकानात यायची, रेडिओ कानाला लावून पारखून न्यायची. ती येईनाशी झाली. दुरुस्त झालेले रेडिओसुद्धा कोणी न्यायला येईना. फळीवर ते ओळीने बसून होते, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली नाव-गावाची चिठ्ठी. एकदा सकाळच्या पेपरात एक नाव वाचून अब्बा उठले, फळीवरचा एक रेडिओ उतरवला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि कपाटात अगदी आत ठेवून दिला. कुणाचा, हे आम्ही विचारलं नाही. शुक्रवारच्या दालच्यात मटणाऐवजी दुधीभोपळा पडू लागला आणि अम्मी तो वाढताना आमच्या ताटाकडे बघेनाशी झाली.

सलीमने काहीतरी शिकावं म्हणून अब्बांनी त्याला गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घातलं. मी हट्ट धरला, तेव्हा भावासोबत जाणार असेल तर जाऊ दे, असं ठरलं. झालं उलटंच. मी आत बसायची आणि सलीम क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथल्या सरांनी एक दिवस दोन डबे टेबलावर ठेवले, दोन्हींना छोट्या शिंगांसारख्या अँटेना. मध्ये तार नाही, तरी एका कॉम्प्युटरवरचं दुसऱ्यावर गेलं. बाकीची मुलं टाळ्या पिटत होती. मला मात्र वाटलं, हे तर मला लहानपणापासून माहीत आहे. हा रेडिओच आहे, फक्त दोन्ही बाजूंनी बोलणारा. घरी येऊन अब्बांना सांगितलं तर ते खूष झाले. पुसदला जाताना घाटात ट्रान्झिस्टर का मुका होतो, हे त्यांनी मला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. डोंगर आडवा आला की लहर अडते. हे सांगताना त्यांचे धूसर डोळे जे चमकायचे, ते मी विसरले नाही. पुढे जे घडलं त्यानंतरही विसरले नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

त्याच हिवाळ्यात जिनिंगच्या शेठचा निरोप आला. फाटकाजवळचा वजनकाटा आणि पार दुसऱ्या टोकाचं ऑफिस यांच्यामध्ये त्यांचं मोठं अंगण होतं. काट्यावरचं वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसावं आणि पावती तिथेच छापून निघावी, असं त्यांना हवं होतं. पूर्वी हाती लिहिलेल्या पावत्यांत कुणीतरी लबाडी केली होती, म्हणून आता छापील पावतीशिवाय कापसाची एक बैलबंडीही आत घ्यायची नाही असा त्यांचा हुकूम होता. पण अंगणात तार टिकत नव्हती. ट्रक तिच्यावरून जायचे, उंदीर कुरतडायचे, आणि कापसात एखादी ठिणगी पडली तर सगळंच संपलं. सलीमने छाती पुढे काढून सांगून टाकलं, बिनतारी करून देतो. घरी येऊन मला विचारलं, "नसरीन, जमंल नं तुले?"

मला जमलं. सुट्टीच्या दिवशी, अंगणात हमाल-मजूर कोणी नसताना, अब्बा मला घेऊन गेले. चौकीदाराला सांगितलं, पोरगी जेवणाचा डबा घेऊन आली आहे. अँटेनाचा एक डबा काट्याच्या खोलीवर, एक ऑफिसच्या गच्चीवर, दोन्ही अँटेना एकमेकींच्या नजरेला नजर देऊन. सलीम शिडीवर, मी खाली कॉम्प्युटरपाशी. "डावीकडं, अजून जराक डावीकडं" असं करत सिग्नलच्या पट्ट्या भरत गेल्या. सगळे आकडे, सांकेतिक शब्द मी घातले. काट्यावर सलीम स्वतः उभा राहिला आणि त्याचं वजन ऑफिसातल्या पडद्यावर उमटलं. आम्ही तिघं इतके हसलो, की चौकीदार बघायला आला.

सोमवारी काम सुरू झालं आणि दुपारी बंद पडलं. मंगळवारीही तसंच. सकाळी चालायचं, दुपार कलली की सिग्नल जायचा, दुसऱ्या सकाळी आपोआप परत. सलीम रडकुंडीला आला. शेठ म्हणाले, दोन दिवसांत जमलं नाही तर यवतमाळहून माणूस बोलावतो. मजूर असताना मला तिथे नेणं शक्य नव्हतं. मी सलीमला सांगितलं, तिथे सकाळी काय दिसते आणि सांजच्याला काय दिसते, दोन्ही कागदावर काढून आण. तो वैतागला, पण त्याने काढलं. सकाळच्या चित्रात मधलं अंगण मोकळं होतं. संध्याकाळच्या चित्रात तिथे त्याने एक मोठा थोरला ढीग काढला होता. कापसाची गंजी. दिवसभर बंड्या रित्या व्हायच्या, गंजी चढत जायची, आग लागू नये म्हणून तिच्यावर वरवर पाण्याचा हलका फवारा मारायचे, आणि पुढच्या सकाळपर्यंत ती सरकी काढणाऱ्या रेच्यांकडे जाऊन संपायची. ओलसर कापसाचा तो डोंगर रोज दुपारी दोन अँटेनांच्या मध्ये उभा राहत होता. पुसदच्या घाटासारखा. मी सलीमला म्हटलं, ऑफिसकडची अँटेना पाण्याच्या टाकीवर चढव आणि काट्याकडे लांब पाइप लाव, गंजीच्या डोक्यावरून जाऊ दे. त्यानंतर दोन हंगाम तो सिग्नल एकदाही गेला नाही.

चार दिवसांनी शेठ स्वतः आमच्या दुकानात आले. एवढा मोठा माणूस आमच्या बाकावर बसला म्हणून अम्मीने वेलची घालून चहा केला. मी कपबशा घेऊन पडद्यामागे उभी होते, सलीमने येऊन ट्रे घ्यायची वाट बघत. शेठ म्हणाले, "मिस्त्री, यवतमाळवाल्याले जे समजलं नसतं, ते तुमच्या घरात समजलं. डोकं कोनाचं?"

  गोणपाटाच्या विणीतून मला अब्बांचा हात दिसला. तो उचलला गेला आणि सलीमच्या खांद्यावर टेकला.

"याचं," अब्बा म्हणाले.

मी सलीमकडे बघत होते. मला वाटलं, हा हसेल आणि पडद्याकडे बोट दाखवेल. तो पडद्याकडे वळला, ट्रे घेतला, माझ्याकडे न बघता गेला, आणि शेठच्या हातात त्याने कप दिला. त्याच बैठकीत त्याला जिनिंगमध्ये कामाला घेतलं गेलं. संध्याकाळी घरात शेवया झाल्या. अब्बांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "बेटा, तो कमावता होणं गरजेचं हाय. तुले तं दुसऱ्याच्या घरी जायाचं." मी शेवया खाल्ल्या. त्या गोड होत्या, हेही मी लिहून ठेवते, कारण त्या दिवशी मला खरंच फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट सावकाश वाटायला लागलं.

मग ते रोजचं झालं. काही अडलं की सलीम जिनिंगमधून दुकानातल्या फोनवर फोन करायचा. मी कणकेच्या हाताने रिसीव्हर धरून सांगायची, हे दाब, ते बघ, आता काय दिसते. अब्बा बाजूलाच बसून ऐकू येत नसल्यासारखं करायचे. गावात सलीमला लोक इंजिनिअर म्हणू लागले. तो चांगले शर्ट घालू लागला, आणि माझ्यासाठी चिंचेच्या गोळ्यांच्या ऐवजी अत्तराच्या कुप्या आणू लागला. त्याच सुमारास क्लासच्या सरांनी निरोप पाठवला, की मुलींची एक वेगळी तुकडी काढतो आहे, नसरीनने शिकवायला यावं. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी अब्बांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. सलीमला विचारतो म्हणाले.

दुपारी सलीम जेवायला आला. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते आणि त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही. सलीम म्हणाला, "अब्बा, ते तिथं शिकवाले लागली तं लोकाईले समजंल नं का काम कोन करते. मग मी त्या ऑफिसात कोन्या तोंडानं बसू?"  संध्याकाळी मला सांगण्यात आलं, की पुसदच्या लोकांकडून विचारणा आली आहे आणि अशा वेळी मुलीने बाहेर कामाला जाणं बरं दिसत नाही. पुसदच्या लोकांना माझ्याबद्दल सांगितलं गेलं होतं, की स्वयंपाक येतो, शिवणकाम येतं, कुराण वाचते. बाकीचं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला.

वेचणी जोरात होती. सरकारी खरेदी अजून सुरू व्हायची होती, म्हणून जो तो आपला कापूस घेऊन खासगी जिनिंगच्या दारात. आणि त्या सकाळी आभाळ भरून आलेलं. दिवस थंडीचे, पण हवा चिकट. दहाच्या सुमारास फोन वाजला. वीज दोन-तीनदा येऊन-जाऊन ऑफिसकडचा डबा अडला होता, आणि घाबरून सलीमने टाचणीने त्याच्या मागचं बारीक बटण दाबून धरलं होतं. मी घातलेलं सगळं त्यातून पुसलं गेलं होतं. "सांग नसरीन, काय काय टाकू? फाटकात पन्नासएक बंड्या उभ्या हायेत," तो म्हणाला.

सगळे आकडे मला पाठ होते. अजूनही आहेत. मी म्हटलं, "मले आठवत नाही."

"असं कसं?"

"तू इंजिनिअर हायेस नं. तूच पाहा." आणि रिसीव्हर ठेवला.

फोन पुन्हा वाजला. वाजतच राहिला. मी तुरीची डाळ चुलीवर चढवली, कणीक मळली, पोळ्या लाटल्या. अम्मी एकदा माझ्याकडे आणि एकदा फोनकडे बघून बाहेर गेली. शेवटी अब्बांनी फोन घेतला, थोडं ऐकलं, आणि पडद्याशी येऊन म्हणाले, "त्याले सांगून दे, बेटा." मी म्हटलं, मी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोलत होते आणि त्यांना ते कळत होतं. त्यांनी जोर केला असता तर मी कदाचित सांगितलंही असतं. पण जोर करायचा तर त्यांना आधी कबूल करावं लागलं असतं, की ते डोकं कुणाचं. ते परत जाऊन आपल्या जागेवर बसले.

दुपारची नमाज पढून अब्बा आले आणि अम्मीला, खरं तर मला, सांगू लागले. बंड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली आहे. यवतमाळचा माणूस संध्याकाळच्या बसने येणार आहे. शेठ सगळ्यांसमोर सलीमला वाट्टेल ते बोलले. हे ऐकून मला बरं वाटलं. आज पन्नाशीकडे झुकताना, माझे केस मेंदीलाही दाद देत नाहीत अशा वयात, मी हे वाक्य खोडावं की ठेवावं, असा विचार करून ठेवते आहे. मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यात मी अजून तासभर चुलीपुढे बसून राहिले. अम्मी बाहेरचं वाळवण गोळा करायला धावली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की रांगेत उभा असलेला कापूस उघड्यावर आहे.

मी बुरखा चढवला आणि निघाले. कुणी अडवलं नाही. पुलाजवळ रांगेचं शेपूट होतं. बैल सोडून जुवाला बांधलेले. माणसं ताडपत्र्या ओढत होती. ज्यांच्याकडे ताडपत्री नव्हती त्यांनी पोती, गोधड्या, खताच्या रिकाम्या थैल्या शिवून केलेले पाल कापसावर घातले होते. फाटकापासून चौथी की पाचवी एक बंडी होती. तिच्यावर माझ्या अम्मीच्या वयाची एक बाई चढून बसली होती आणि स्वतःचं नेसूचं दुसरं लुगडं कापसावर पसरत होती. वाऱ्याने ते उडत होतं, म्हणून तिने त्याच्या एका टोकावर पाय ठेवला होता. मला आत जाताना बघून तिने वरूनच विचारलं, "काटा सुरू होते का वं बाई?"

"होते आता," मी म्हटलं.

ऑफिसात सगळे होते. शेठ, मुनीम, दोन व्यापारी. सलीम कॉम्प्युटरपुढे घामाने भिजलेला. त्याने मला बघितलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.  मी बसले. बोटं आपोआप चालली. मध्ये एकदा मुनीमजी म्हणाले, हे पोरगी काय करून राह्यली? शेठनी त्यांना हाताने गप्प केलं. पंधरा मिनिटं लागली असतील. दहाव्या मिनिटाला टिनाच्या छपरावर पहिले थेंब वाजले. मी वर बघितलं नाही. पंधराव्या मिनिटाला काट्यावरचं वजन पडद्यावर आलं आणि प्रिंटरने पहिली पावती बाहेर फेकली. तोवर छपरावरचा आवाज एवढा झाला होता, की शेठ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

पावसाने आतपर्यंत भिजलेला कापूस जिनात घेत नाहीत. पुढच्या दोन बंड्या तेवढ्या कोरड्या निघाल्या. बाकीच्यांना फाटकातूनच परत फिरवलं. पाऊस अर्धा-पाऊण तासच झाला, पण तेवढा पुरला. मी छपराखाली उभी राहून बंड्या वळताना बघत होते. लुगड्यावाली बाई आता खाली उतरून बैलांच्या पुढे चालत होती. ते लुगडं कापसाला चिकटून त्याच्याच रंगाचं झालं होतं. माझ्याजवळून जाताना ती थांबली. आतून कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"तुयानंच सुरू झाला म्हन्तेत काटा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जराक आगुदर आली असती वं माय, तं बरं झालं असतं."

मी तिला तिचं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. त्या कापसाचं पुढे काय झालं, तो वाळला का, कुणी घेतला का, मला माहीत नाही. कापसाचे दिवस वाईट होते आणि माणसं फार बारीक धाग्याने टांगलेली होती. तो धागा तिच्या घरी त्या रात्री टिकला असेल, एवढंच मी स्वतःला सांगत आले.

सलीमला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. ते काम मला द्यावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. कापसाच्या अंगणात बाईमाणूस ऑफिसात बसवायचं म्हणजे काय, म्हणत शेठनी यवतमाळचा माणूस ठेवून घेतला. सलीम हैदराबादला मामूंकडे गेला आणि मोबाइलच्या दुकानात उभा राहिला. अब्बांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्दही विचारला नाही, पण त्यानंतर त्यांनी कुठलाही उघडा रेडिओ माझ्याकडे सरकवला नाही. दुरुस्तीची कामं ते परत पाठवू लागले. डोळे गेले, असं सांगू लागले. माझं लग्न झालं, त्या दिवशी ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

पुसदला मला माणूस चांगला मिळाला. त्याने मला शिकू दिलं, काम करू दिलं. गेली कित्येक वर्षं मी शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये, बँकांच्या खेड्यातल्या शाखांमध्ये वायरलेस बसवत आले. मला मॅडम म्हणतात. बसवताना मध्ये काय आडवं येणार आहे, हे मी आधी बघते. माझी मुलं म्हणतात, अम्मीचं काम कधी फसत नाही.

मागच्या ईदेला सलीम हैदराबादहून आला होता. आता त्याचंही पोट सुटलं आहे, दाढी पांढरी झाली आहे. शीरखुर्मा खाताखाता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याने तो विषय काढला. म्हणाला, "माही चूक होती, नसरीन. मी त्या दिवशी पडद्याकडं बोट दाखवाले पाहिजे होतं. शेठ आलते त्या दिवशी."  मग त्याने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पन ते डब्याचं... तू खरंच विसरली होती नं? लोक काहीबाही म्हनत होते. मी सगळ्याईले तेच सांगत आलो, का माही बहीन विसरली होती, आठवल्यावर पाण्यापावसात धावत आली."

त्याचे डोळे अगदी अब्बांसारखे धूसर व्हायला लागलेत.

"हो," मी म्हटलं, "विसरली होती."

त्याने मान हलवली आणि वाटी पुन्हा पुढे केली. मी तिच्यात अजून थोडा शीरखुर्मा वाढला.